पुन्हा उजवा हात

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. तिथे सकाळी आमचा योगवर्ग भरतो, आणि त्या वर्गात खिडकी लावायचं काम माझ्याकडे होतं. काम सोपं होतं. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून ताईंचा आवाज यायचा, 'श्वास घ्या, श्वास सोडा.' मग एक खोकला यायचा, आणि मग ताई म्हणायच्या, 'अहो, ती खिडकी लावा जरा.' त्यासरशी मी जायचं, खिडकी लावायची आणि परत आपल्या सतरंजीवर येऊन उभं राहायचं. सुरुवातीला खिडकी बंदच असायची, त्यामुळे मी नुसता हात लावून यायची. पण ते कुणाला बरं वाटेना. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी खिडकी मुद्दाम उघडून ठेवायची पद्धत पडली, म्हणजे ती लावता यावी. थंडीतसुद्धा. मी शाळेत भूगोल शिकवते. वारे कुठून कुठे वाहतात हे मला चांगलं कळतं, आणि ते थेट माझ्या मानेवर वाहत होते.

खोकल्याच्या वेळी आम्ही सगळे श्वास रोखून धरायचो. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पण ताई खोकत असताना आपण खुशाल श्वास घेत बसायचं, हे आम्हाला बरं दिसलं नसतं. एखाद्या नवख्या माणसाने आम्हाला पाहिलं असतं तर त्याने काढता पाय घेतला असता, आणि तसे दोघे-तिघे येऊन गेलेही.

ताईंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. उरलं होतं ते त्यांचं रेकॉर्डिंग, आणि त्याचं बटण दाबणारी त्यांची धाकटी बहीण. तिला आम्ही धाकटीच म्हणतो. खरं तर ती साठीला टेकली आहे, गुडघे कुरकुरतात, पण ताई गेल्या म्हणून काही तिची थोरली झाली नाही. फार पूर्वी संसार मोडून ती परत आली, ताईंनी याच इमारतीत तिला वरच्या मजल्यावर एक खोली बघून दिली, आणि तेव्हापासून ती ताईंची धाकटी. हॉलची किल्ली तिच्याकडे, स्पीकर तिच्याकडे, ताईंच्या नवऱ्याच्या नाश्त्याचा डबा तिच्याकडे. हे कुणी तिच्यावर लादलं नव्हतं. त्यामुळेच तर ते खाली ठेवता येत नव्हतं.

ताई होत्या तेव्हा हा वर्ग म्हणजे निव्वळ दंगा होता. ताई एका मोठ्या कार्यालयात टेलिफोनवर बसायच्या. दिवसभर 'थांबा, जोडते' आणि 'साहेब जागेवर नाहीत' एवढी दोनच वाक्यं म्हणून त्यांचं तोंड विटलेलं असायचं, म्हणून सकाळच्या वर्गात एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही असा त्यांचा हट्ट होता. पुढे वाकायचं असलं की आज म्हणायच्या, पलंगाखाली गेलेली चप्पल काढा. उद्या म्हणायच्या, सासूच्या पाया पडताय, पण तिने बघू नये असं पडा. कंबर वळवायची असली की मागच्या रांगेत कोण कुजबुजतंय ते बघायचं. एका पायावर उभं राहताना त्यांची एकच सूचना, पडणार असाल तर ड्रायव्हरकाकांच्या अंगावर पडा, लागणार नाही. आमच्यातले ड्रायव्हरकाका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, देहाने भरभक्कम. त्यांच्यावर पडायला लोक टपलेले असायचे.

आणि दाजी. दाजी म्हणजे ताईंचे यजमान. धाकटी त्यांना दाजी म्हणते, म्हणून आम्हीही सगळे दाजीच म्हणतो. ते शेवटच्या रांगेत उभे राहायचे आणि सगळं चुकवायचे. ताईंचा अर्धा वेळ त्यांना टोचण्यात जायचा. 'अहो, हात वर म्हणजे पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे. आता पोलीसही मीच आणू का?' दाजी गालातल्या गालात हसायचे आणि पुन्हा चुकवायचे. मला तर वाटतं, मुद्दामच.

मग ताई आजारी पडल्या. उपचारांसाठी जायचं ठरलं, तेव्हा मागे वर्ग मोडू नये म्हणून त्यांनी घरी बसून मोबाइलवर सगळा तास बोलून ठेवला. नुसता आवाज जाणार होता, तरी बाईंनी ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले, आणि यंत्रासमोर बसल्यावर त्यांच्या तोंडून निघाला तो टेलिफोनवरचा आवाज. 'श्वास घ्या. श्वास सोडा.' साहेब जागेवर नाहीत म्हणायच्या तसाच. मध्येच वाऱ्याने त्यांच्या घरातली खिडकी आपटली. त्यांनी दाजींना हाक मारली, दाजींनी ती लावली, आणि तेवढ्यात ताईंचा धागा सुटला. उजवा हात वर घेऊन डावीकडे झुकायचं त्यांनी सांगून झालं होतं. आता डाव्या हाताची पाळी. त्या म्हणाल्या, 'पुन्हा उजवा हात वर.'

पहिल्या दिवशी हे ऐकून आम्ही हसलो. डावा हात आपापला केला, आणि ताई परत आल्या की या चुकीवरून त्यांना सळो की पळो करून सोडायचं ठरवलं. ताई परत आल्या नाहीत.

त्या गेल्यावर वर्ग पुन्हा सुरू झाला त्या सकाळी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. सतरंजी न अंथरता त्यांनी मागच्या भिंतीपाशी एक खुर्ची ओढली आणि बसले. धाकटीने बटण दाबलं. 'पुन्हा उजवा हात वर' आलं, तेव्हा ड्रायव्हरकाकांनी सवयीने डावा उचलला. कुणीतरी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काकांनी हात खाली घेतला आणि उजवा वर केला. त्या दिवसापासून आमच्या वर्गाला डावा हात उरला नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं. माणसं गळत गेली. राहिलो आम्ही मोजके, मी, ड्रायव्हरकाका, समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि मागच्या रांगेतले चार-पाच जण, जे सोडून जायची लाज वाटते म्हणून येत होते. मला विचाराल तर मीही त्यातलीच. ताईंच्या तोंडावर वर्ग सोडता आला असता. त्यांच्या आवाजाच्या तोंडावर कसा सोडणार?

पण माझं काय, मी खिडकी लावून मोकळी. अडकली होती ती धाकटी. ती सगळ्यांत पुढे, आमच्याकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे मागच्या खुर्चीतले दाजी रोज तिच्या बरोबर समोर. तास संपेपर्यंत ती एक अक्षर बोलायची नाही. बोलायला जागाच कुठे होती. चेहऱ्यावर कसलाही भाव नसायचा, हातपाय आपोआप हलायचे. ती नंतर मला म्हणाली, आसनं करताना ती मनातल्या मनात चेनी बसवत असायची.

चेनी, कारण तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे बाजाराच्या इमारतीतला तळघरातला एक गाळा. पायऱ्या उतरून जावं लागतं. आत शिलाईचं यंत्र, इस्त्रीची फळी, दांडीवर लटकलेले लोकांचे कोट आणि पँटी, आणि एक मोठा आरसा. खिडकी नाही. दिवस उगवला काय आणि मावळला काय, तिथे एकच ट्यूबलाइट. नवीन काही शिवायचं नाही. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं, आखूड करायचं, सैल करायचं, आणि काही केलंच नाही असं दिसेल अशी टीप मारायची. तिचं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही.

शाळेच्या एका कार्यक्रमासाठी मी माझा जुना कोट घेऊन तिच्याकडे गेले. लांबी थोडी कमी करायची होती. तिने मला आरशासमोर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसली.

'मला वर्गाचा वीट आलाय,' ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

'सगळ्यांनाच कंटाळा आलाय.'

'कंटाळा नाही. कंटाळा आला तर माणूस जांभई देतो. मला सकाळी किल्ली हातात घेतली की ती गटारात टाकून द्यावीशी वाटते.'

'मग बंद कर.'

'आणि दाजी?' तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. 'ते सकाळी उठून दाढी करतात, शर्टाला इस्त्री करतात, आणि तिला ऐकायला येतात. दिवसातलं तेवढं एकच काम आहे त्यांना. ते मी काढून घेऊ?'

'रेकॉर्डिंग त्यांना देऊन टाक. घरी ऐकतील.'

'घरी ऐकतील आणि दार लावून घेतील. मग डबा दाराच्या कडीला अडकवून यायचं मी?' तिने एक टाचणी माझ्या कोटाला टोचली. 'खरं सांगू? मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो मला, काय म्हणावं याला. बटण दाबताना रोज वाटतं, बाई, आज तरी काही वेगळं बोल. एवढी बडबडी होतीस.'

 

तिने माझ्या कोटाला खडूने खूण केली, मागे सरकून पाहिलं, पुसली, पुन्हा केली. 'सरळ उभी राहा.'

'सरळच उभी आहे.'

'नाहीयेस.' तिने माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. मग उजव्या बाजूने मापं घेतली, डाव्या बाजूने घेतली, आणि उठली. दांडीवरून तिने ड्रायव्हरकाकांचा कोट काढला, त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी आलेला. त्याच्या शेजारचा डॉक्टरीणबाईंचा दवाखान्यातला पांढरा कोट काढला. दोन्ही टेबलावर पालथे पसरले. दोन्हीची उजवी बाजू तिने उसवून खाली सोडली होती, थोडीशीच, बोटाच्या पेराएवढी. काकांची बाही आखूड वाटली तेव्हा तिला वाटलं कोटच वाकडा आहे. डॉक्टरीणबाईंच्या वेळी तिला वाटलं आपल्या चष्म्याचा नंबर वाढला. आता मी तिसरी.

मग ती स्वतः आरशासमोर उभी राहिली. मी तिच्या मागे उभी होते. ट्यूबलाइटखाली आम्हा दोघींचे उजवे खांदे सारखेच वर उचललेले होते, कुणीतरी दोघींना एकाच खुंटीला अडकवलं असावं तसे.

'आपण सगळे एकीकडे शिवले गेलोय,' धाकटी म्हणाली.

आता हे शास्त्राला कितपत धरून आहे ते मला विचारू नका. डॉक्टरीणबाईंचं मत, वयाने सगळेच वाकतात, कुणी इकडे कुणी तिकडे. पण त्या दातांच्या डॉक्टर. धाकटी आयुष्यभर माणसांच्या कडेला गुडघ्यांवर बसलेली बाई आहे. तिला जे दिसलं ते तिला पुन्हा न दिसल्यासारखं करता येईना. ती हसलीही नाही. घाबरली. कारण आता तिच्यापुढे दोनच रस्ते होते. कळूनसवरून आम्हाला रोज वाकडं करायचं, किंवा दाजींच्या समोर त्यांच्या बायकोचा शब्द खोडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी खोकून घेतलं, मी खिडकी लावून आले, आणि 'पुन्हा उजवा हात वर' आलं. धाकटीने डावा हात वर केला.

तिने आधी काहीच सांगितलं नव्हतं. पुढे काय झालं ते तुम्हीच बघा. आमच्यातले अर्धे वर्षानुवर्षं आवाजाच्या मागे चालणारे, अर्धे धाकटीकडे बघून करणारे. अर्ध्यांनी उजवा उचलला आणि ते डावीकडे झुकले. अर्ध्यांनी डावा उचलला आणि ते उजवीकडे झुकले. ड्रायव्हरकाका आवाजवाले, त्यांच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई धाकटीवाल्या. काकांचा हात खाली येताना बाईंच्या चष्म्याला लागला, चष्मा उडाला, चष्मा पकडायला बाई पुढे झाल्या आणि काकांच्या पोटावर आपटल्या. काका मागच्या रांगेवर गेले. मागची रांग, लाजेखातर आलेली, भिंतीला रचून ठेवलेल्या सतरंज्यांवर जाऊन कोसळली. आणि या सगळ्या गोंधळात स्पीकरमधून ताई गंभीरपणे सांगत होत्या, 'श्वास सोडा. चेहरा प्रसन्न ठेवा.'

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, काकांच्या पोटावरूनच. मग सगळा हॉल फुटला. मी इतकी हसले की मला भिंतीला टेकावं लागलं. धाकटीने तोंडावर हात धरला होता, तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ती कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या चेहऱ्यात दिसली.

मग आमचं लक्ष मागे गेलं. दाजी खुर्चीवरून उठले होते. त्यांनी खुर्ची नीट भिंतीला लावली, आमच्याकडे न बघता दार उघडलं आणि गेले. हसणं तिथेच विरलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. धाकटीने ते पूर्ण वाजू दिलं आणि आम्ही शेवटपर्यंत उभे राहिलो, शाळेत शिक्षा झालेली पोरं राहतात तसे.

त्यानंतर दाजी आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, मग आम्ही मोजणं सोडलं. धाकटी डबा घेऊन जायची, दाजी दार किलकिलं करून डबा आत घ्यायचे, 'ठीक आहे' म्हणायचे आणि दार लावायचे. तिला जी भीती होती तीच तिच्या हाताने खरी झाली होती. वर्गात ती पुन्हा निमूटपणे उजवा आणि पुन्हा उजवा करायला लागली. आता तर मागे कुणी ऐकणाराही नव्हता. तरी ती रिकाम्या खुर्चीकडे बघत करायची. मी तिला जिन्यात गाठून म्हटलं, अगं, आता कुणासाठी? ती म्हणाली, 'ते आले आणि काही बदललेलं दिसलं तर?' मला तिचा संताप आला. दार उघडं असताना माणूस आत बसून राहतो तेव्हा मला संताप येतो. पण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही.

एका सकाळी दाजी आले. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नव्हती. आमचं सुरू झालेलं होतं. ते खुर्चीकडे न जाता आमच्या मधून चालत सरळ पुढे गेले. नेमका खोकला आला होता, आम्ही सगळे श्वास धरून उभे. ताई म्हणाल्या, 'अहो, ती खिडकी लावा जरा.' मी सवयीने खिडकीकडे निघाले.

'थांबा,' दाजी मला म्हणाले. 'ते मला म्हणाली होती ती. खिडकी मी लावली होती.'

मी थांबले. त्यांनी वाकून बटण शोधलं, त्यांना ते सापडेना. धाकटीने हात पुढे करून स्पीकर बंद केला.

'दाजी, माझं चुकलं,' ती म्हणाली. 'त्या दिवशी मी विचारायला हवं होतं तुम्हाला. पण मला... मला सहन होत नाही हो आता हा आवाज. रोज तोच. तुम्ही येता म्हणून मी लावते.'

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. 'मला वाटत होतं, तुला हवा आहे म्हणून तू लावतेस. बहिणीचा आवाज. म्हणून मी येऊन बसत होतो, तू एकटी पडू नयेस.'

ड्रायव्हरकाका उगाच आपली सतरंजी सरळ करायला लागले.

'त्या दिवशी हे सगळे पडले ना,' दाजी म्हणाले, 'तेव्हा मला वाटलं, आत्ता ती असती तर काय म्हणाली असती. काहीतरी बोललीच असती, असं की पडलेले पुन्हा पडले असते. मी आठवायला लागलो. माझ्या डोक्यात आलं, श्वास सोडा. दुसरं काही येईनाच. मी घरी जाऊन बसलो. म्हटलं आपली भांडणं आठवू, ती तर रोजची होती. भांडणातसुद्धा ती म्हणतेय, श्वास घ्या, श्वास सोडा. ती एकच गोष्ट कधी दोनदा बोलली नाही, आणि मी मात्र रोज येऊन तेच ऐकलं. ऐकून ऐकून पुसली मी तिला.' त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. 'ही कोण बाई आहे, मी ओळखत नाही.'

एवढं बोलून ते आपल्या खुर्चीकडे गेले आणि बसले. धाकटी पुढे उभी होती, हात बाजूला लोंबत. हॉलमध्ये मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा शांतता होती, आणि ती सहन होण्यासारखी नव्हती. आम्ही मोठी माणसं, सगळी आसनं तोंडपाठ, पण आवाज नाही म्हटल्यावर एकालाही हात उचलता येईना. आम्ही सगळे धाकटीकडे बघत होतो. तिला कधी कुणी बोलायला सांगितलेलंच नव्हतं.

'उजवा हात,' ती म्हणाली, आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की पुढचं सगळं वाक्य तिच्या जिभेवर तयार आहे आणि तिला ते नकोय. तिने ओठ चावला. मग म्हणाली, 'वरच्या दांडीवर एक कोट आहे. स्टूल सापडत नाही. गिऱ्हाईक दारात उभं आहे. काढा.'

आम्ही हात वर केला आणि ताणला.

'त्याने नाही निघत तो. झुका. अजून. काका, गिऱ्हाईक निघून चाललंय.'

ड्रायव्हरकाका झुकले, इतके की त्यांचा सदरा कमरेतून सुटला.

'हं, निघाला. पण हा कोट त्याचा नाहीये,' धाकटी म्हणाली. 'त्याचा दुसऱ्या टोकाला आहे. डावा हात.'

डावा हात वर गेला तेव्हा माझ्या बरगड्यांमधून एक कळ उठली, मी त्या बाजूला इतक्या वर्षांत गेलेच नव्हते. डॉक्टरीणबाई 'आई गं' म्हणाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि कुणी त्याच्याकडे रागाने बघितलं नाही. मग धाकटीने आम्हाला एका पायावर उभं केलं आणि चेन अडकली आहे, चेन अडकली आहे, ओढा म्हणत वरखाली नाचवलं. मग पालथं पाडून टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या वेचायला लावल्या. टाचणी टोचली की ओरडायचं, असाही नियम काढला. काका सतत ओरडत होते. ती काही ताईंसारखी हजरजबाबी नव्हती. मध्येच अडायची, दोनदा तर गप्पच झाली. पण ते तिचं होतं, तिच्या त्या बिनखिडकीच्या गाळ्यातून आलेलं, आणि आमच्यातल्या कुणालाच पुढे काय येणार ते माहीत नव्हतं. मला तो तास संपूच नये असं वाटलं. योगवर्गाबद्दल असं वाटायचं मी कधीच विसरले होते.

दाजी खुर्चीत बसून होते, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीला. धाकटीने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोनदा नजर काढून घेतली. तिसऱ्यांदा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

'दाजी, त्या खुर्चीला चार पाय पुरतात. तुमचे दोन कशाला लावताय?'

आमच्यातलं कुणीच हसलं नाही. कारण तो आवाज धाकटीचा नव्हता, आणि ते तिलाही कळलं. बहिणी-बहिणींचे गळे सारखे असतात. तिने चिडून कधी आवाजच चढवला नव्हता, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दाजींनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

'पुन्हा म्हण,' ते म्हणाले.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

'नाही,' ती म्हणाली. 'उठा.'